जयूताई आणि जखमेवरची जाळी

जयू फणसे यांनी भैरवगढच्या कापड-छपाईच्या कारखान्यात चौदा वर्षं चादरी छापल्या. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांचं वय अठ्ठेचाळीस. शहरातल्याच फ्रीगंज भागातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याचं काम मिळालं, ते त्यांनी मुकाट्याने धरलं.

तिथे तेजस्विनी मॅडम मशीनवर एक वेगळीच छपाई करत. जिलेटिन आणि समुद्री शेवाळाच्या अर्काचा दाट लगदा सुईतून बारीक धारेने पडायचा, थरावर थर बसून जाळी व्हायची. त्या जाळीत पेशी वाढवून पुढे कधीतरी ती जखमेवर लावायची, असा बेत होता. पण धार मध्येच तुटायची. तीन महिने हेच चाललं होतं. एका दुपारी मॅडम डोकं धरून बसल्या.

जयूताई फडकं घेऊन थबकल्या. "मॅडम, एक बोलू? गुस्सा नका करू."

"बोला ना, ताई."

"तुम्ही हे फेटता फार. हवा धरतं ते. आम्ही रंगात गोंद घालून हळू ढवळायचो, मलमलमधून गाळायचो, मग झाकून पडू द्यायचो. घाई केली की छाप बिघडलाच."

मॅडमनी सिरिंज उजेडात धरली. आत राईएवढे बुडबुडे होते.

"मलमल इथे नाही चालणार," त्या उठत म्हणाल्या, "पण निर्जंतुक गाळणी आहे. हात धुऊन या, तुम्हीच ढवळा."

गाळलेल्या लगद्याचं भांडं झाकून दोन तास कोमट पाण्यात ठेवलं. त्या संध्याकाळी धार शेवटच्या थरापर्यंत तुटली नाही.

आठवड्याने मॅडमनी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काळोखात हिरवे ठिपके चमकत होते. "या जिवंत पेशी, ताई. तुमच्या जाळीत तगल्या."

जयूताई बघता बघता हळूच म्हणाल्या, "आमच्या यांच्या टाचेला लागेल का? शुगरची जखम आहे, वर्ष झालं."

"आत्ता नाही. खूप तपासण्या बाकी आहेत, काही वर्षं जातील. पण माझ्या ओळखीचे एक जखमांचे डॉक्टर आहेत. उद्याच दाखवा त्यांना."

जयूताईंनी मान हलवली. वाईट वाटलंच; पण खरं सांगितलं, हे बरं वाटलं.

घरी नवऱ्याने, माणिकरावांनी, सगळं ऐकलं आणि हसून विचारलं, "म्हणजे आता डॉक्टरीणबाई म्हणायचं?"

"काहीतरीच! पण सोमवारपासून मशीन मी चालवणार. मॅडम शिकवतायत."

माणिकरावांनी ही बातमी सांगायला लगेच इंदूरला आपल्या बहिणीला फोन लावला.