गुलाबरावांच्या शेतात उतरलेली विमानं

शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत कोणी पेरत नाही, तरी ते वाढतंच. आमच्या मैदानाचे किस्से तसेच वाढले. विमानं उतरली मोजकीच, पण एकही मुकाट्यानं गेलं नाही!

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत इंग्रज सरकारनं वाशीमबाहेरचं गुलाबरावांचं शेत घेतलं. अडल्यानडल्या विमानाला उतरता यावं म्हणून मधोमध रूळ फिरवून लांब पट्टी दाबली, टिनाची खोली बांधली अन् वारा कुठून येतो ते कळावं म्हणून खांबावर लांबोळका कापडी मोजा टांगला. मी तिथला कारकून. गुलाबराव आपल्याच शेतात चौकीदार! लढाई संपली की शेत परत, असा सरकारचा शब्द होता. म्हणून उतरणाऱ्या प्रत्येक पायलटाला त्यांचा एकच सवाल, "साहेब, लढाई कदी संपते?" त्याचं इंग्रजी करायचं काम माझं.

पहिला आला तो एक कोवळा गोरा, इंजिन तापलं म्हणून. तो काही बोलणार, तोच गुलाबरावांनी पाण्याचा लोटा पुढं केला. "आंदी पाय धुवा, मंग बोला." बिचाऱ्याला बूट काढावेच लागले. मग गुलाबरावांच्या कारभारणीनं, सीताबाईनं, भाकर अन् ठेचा वाढला. साहेबानं ठेचा भाजीसारखा तोंडात घातला. नेमका तेव्हाच गुलाबरावांनी सवाल टाकला. साहेबाच्या डोळ्यांतून नुसत्या धारा! गुलाबराव बायकोकडं वळून हळूच म्हणाले, "लढाई लय दिस चालते वाटते. पोरगं रडून राह्यलं."

ते ठेच्याचं पाणी आहे म्हणून मी किती समजावलं, पण गुलाबराव त्या दिवशी जेवले नाहीत.

एकदा मोठा साहेब तपासणीला येणार होता. पाहुणा येतो म्हटल्यावर सीताबाईनं झाडलोट केली, दारी सडा घातला, अन् खांबावरचा मोजा मळका दिसला म्हणून तोही धुतला. वर विमान घिरट्या घालतंय अन् मोजा बाभळीवर वाळत! मी धावत जाऊन कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या, धुरानं तरी वारा कळेल म्हणून. सीताबाई शांतपणे म्हणाली, "त्याईले म्हना, जराक थांबा. वल्ला हाय अजून."

पोळ्याच्या आदल्या दिवशी एक पंजाबी पायलट बिघाडानं अडकून पडला. संध्याकाळी गुलाबरावांनी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकले. उरलेलं घेऊन ते विमानाकडं गेले, पंख जिथं अंगाला जुळतात तिथं चोळलं अन् बैलांना म्हणतात तसं विमानालाही म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी अर्थ सांगितल्यावर पायलटानं विचारलं, "मुझे न्योता नहीं?"

गुलाबरावांना हा प्रश्नच समजेना. "तुमाले कायचं आवतन? तुमी त घरचे."

शेवटी लढाई संपली. सरकारनं शब्द पाळला, टिनं काढून नेली, शेत परत दिलं. गुलाबरावांनी गावभर गूळ वाटला, अन् खरं सांगतो, माझेही डोळे भरले. माझी बदली रिसोडला झाली.

ज्वारी निसवून कणसं दिसू लागली तेव्हा मी मुद्दाम भेटायला गेलो. दोन्ही अंगाला डोक्याएवढी ज्वारी डुलत होती. मधली पट्टी तेवढी तशीच, गवत कापलेली, कडेच्या दगडांना ताजा चुना.

मी पट्टीकडं बघतोय हे पाहून सीताबाई वैतागून म्हणाली, "त्याईलेच इचारा."

मी विचारलं, "गुलाबराव, एवढ्या वर्षांनी शेत हाती आलं, अन् मधली पट्टी काहून नाही पेरली?"

ते दगडावरचा चुना सारखा करत म्हणाले,

"अन् पाहुना आला त उतरन कुठी?"