गार्डसाहेब हॉटेल निवडतात

दौंडपासून शिरूरपर्यंतच्या टापूतल्या झाडून सगळ्या हॉटेलांत जाऊन बसलेला, प्रत्येक ठिकाणी चहा मागवलेला आणि त्यातला एक घोटही न घेता उठून आलेला माणूस आजवर एकच झाला, आणि तो दहा-बारा वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी मालगाडीचे एक गार्ड राहत. माणूस काटकुळा, मिशा भरघोस आणि आवाज असा, की बाजारात नुसतं 'थांबा' म्हणाले तर चार टांगे थांबत. नोकरीने त्यांच्या अंगात काही सवयी अशा भिनवल्या होत्या की त्या घरीसुद्धा उतरत नसत. गार्डाची जागा गाडीच्या शेवटी, म्हणून ते लग्नाच्या वरातीत शेवटी, दवाखान्याच्या रांगेत शेवटी आणि सहकुटुंब बाजारात निघाले की वहिनी पुढे, पोरं मध्ये आणि हे दहा पावलं मागे. घराबाहेर पडण्याआधी कडी, कुलूप, चुलीतला विस्तव आणि पोरांच्या चपला तपासून होईपर्यंत ते कुणाला पाऊल उचलू देत नसत. एकदा वहिनींच्या माहेरची मंडळी टांग्यात बसून वीस मिनिटं उन्हात तापत राहिली, कारण गार्डसाहेबांना टांग्याच्या डाव्या चाकाची खीळ पसंत नव्हती. "सुटल्यावर थांबवण्यापरीस सुटायच्या आधी बगितलेलं बरं," एवढंच ते म्हणाले. खीळ खरोखर सैल निघाली, त्यामुळे पुढे कुणाला त्यांना काही बोलायची सोयच राहिली नाही.

आमच्या दोन घरांत आणि पलीकडच्या फिटरच्या घरात मिळून एकाच वयाची तीन पोरं होती: गार्डसाहेबांची सुजाता, माझा अविनाश आणि फिटरचा सलीम. वार्षिक निकाल लागला की तिघांना हॉटेलात न्यायचं, हा गार्डसाहेबांचा शिरस्ता. आता पोरांना हॉटेलात नेण्यात अवघड ते काय? आपण उठतो आणि जातो. गार्डसाहेबांचं तसं नव्हतं. फेब्रुवारीपासून त्यांची तपासणी सुरू होई. ड्यूटी संपली की गणवेश काढून ठेवायचा, धुवट पायजमा, सदरा आणि टोपी घालायची आणि एकेक हॉटेल गाठायचं. परत आले की मी अंगणातूनच विचारायची, "काय गार्डसाहेब, सिग्नल मिळाला का?" ते मान हलवत. या हॉटेलला लाल, त्या हॉटेलला लाल. शेवटी मे महिन्यात तिघांची वरात दरवर्षीप्रमाणे स्टेशनवरच्या उपाहारगृहातच जाई. तिथं ऑम्लेट-पाव आणि कटलेट मिळे, पण पोरांच्या मते ते हॉटेल नव्हतंच, ते स्टेशन होतं. मला हा सगळा शुद्ध चिक्कूपणा वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवायची. माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं.

एका दुपारी वहिनींनी मला पापड लाटता लाटता खरी गोष्ट सांगितली आणि माझं लाटणं थांबलं. सुजाता सहा वर्षांची असताना ही मंडळी खुटबावला, आपल्या गावच्या घरी निघाली होती. वाटेत एका फाट्यावर पोरीला तहान लागली, म्हणून चहाच्या टपरीवर थांबले. टपरीवाला गावाकडचा, ओळखणारा. त्यानं बाहेरच्या कोनाड्यातला कान तुटलेला एक कप पोरीच्या पुढे केला आणि आधी विसळून घ्यायला सांगितला. गार्डसाहेब तेव्हा रस्त्यापलीकडे सामान उतरवत होते. ते येईपर्यंत पोरीनं कप विसळलाही होता आणि ती आनंदानं सांगत होती, "आप्पा, मला माझा वेगळा कप दिला." तिला तो मान वाटला होता. गार्डसाहेब घरी जाऊन दोन दिवस जेवले नाहीत. "आमच्या वाट्याचं आमी बगितलं," वहिनी म्हणाल्या, "पर पोरीला त्या कपाचा अर्थ कळायला नगं, निदान थोरली होईस्तवर तरी, असं त्यांनी मनाशी धरलंय."

त्या दिवसापासून मी चेष्टा आवरती घेतली, पण पूर्ण थांबवली नाही. कारण त्यांची तऱ्हाच तशी होती. गणवेशात का जात नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाई, गणवेशाला समदेच चांगला कप देत्यात. पोरगी काय गणवेश घालून जाणार हाय का?" म्हणून ते साध्या कपड्यात जात, चहा मागवत आणि मालकाला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारच्या गिऱ्हाइकाला आपलं गाव आणि आपला वाडा सांगत; वाडा सांगितला की जात वेगळी सांगावी लागत नसे. मग फक्त बघत. कप कुठून आला, कुणी उचलला, कुठं विसळला, कुठल्या फळीवर गेला. चहा थंड होऊन त्यावर साय धरे. "पीत बसलो तर बघायचं कवा?" हा त्यांचा सवाल. बघून झालं की खिशातली छोटी वही काढून दोन ओळी खरडत. त्या वहीनं एकदा भलताच गोंधळ केला. आणीबाणीचे दिवस होते. राहू गावाच्या बाजूला एका हॉटेलात हे कप न्याहाळत, वहीत लिहीत बसलेले पाहून चार पोरांचा बाप असलेल्या मालकाची खात्री पटली, की नसबंदीवाल्यांचा माणूस आला. तो मागच्या दारानं जो पसार झाला तो उसाच्या फडात जाऊन बसला. गार्डसाहेब अर्धा तास भट्टीवरच्या दुधाकडे लक्ष देत थांबले, ऊतू जाऊ लागलं तेव्हा उतरवून ठेवलं आणि घरी येऊन वहीत लिहिलं, "निकाल राखून ठेवला." मी हसून हसून बेजार झाले. पण त्याच वहीतल्या आणखी किती ठिकाणी या माणसानं आपण होऊन जाऊन अपमान पदरात घेतला असेल, हा विचार मनात आला की हसू आपोआप ओसरायचं.

त्याच साली पोरांनी बंड केलं. तिघंही पाचवीत गेली होती आणि स्टेशनवर जायला अविनाशनं आणि सलीमनं साफ नकार दिला. अविनाशला गरम जिलबी हवी होती. सलीमला बर्फातला गोटी सोडा. सुजाता म्हणत राहिली, "स्टेशनावरचंच बरं हाय की." बापाला वाटलं, पोरगी भिडस्त आहे. फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, भिंतीला आरसे असलेलं हॉटेल चालेल, खाताना आपण दिसतो असं. शिरूरला एका उडप्यानं अगदी तसं हॉटेल नवं काढलं होतं. गार्डसाहेब दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा गाव सांगून, वाडा सांगून. दुसऱ्या खेपेला आले ते मिशीत हसत. "ओके," म्हणाले, "समद्यांना एकच कपबशी." वहिनींना एस.टी. लागायची, म्हणून पोरांबरोबर मी जायचं ठरलं.

निघाल्या क्षणापासून त्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला मला दिसत होता. एस.टी.त ते सगळ्यात मागच्या बाकावर बसले आणि दर दोन मिनिटांनी आमची डोकी मोजत राहिले. भीमेचा पूल ओलांडला आणि गाडीचं चाक बसलं. कंडक्टरनं पाना मागवायला माणूस पाठवला. दीड तास आम्ही बाभळीखाली उभे. पोरांचा डबा मीच घेऊ दिला नव्हता, हॉटेलात भूक मरेल म्हणून. शिरूरला उतरलो तेव्हा दोन वाजून गेले होते, तिघांची तोंडं सुकली होती आणि उडप्याच्या दाराला कुलूप होतं. खडूनं लिहिलं होतं, लग्नासाठी गावी गेलो आहे, चार दिवस बंद.

गार्डसाहेब त्या कुलपापुढे असे उभे राहिले, की मला त्यांच्याकडे बघवेना. "परत जाऊ," ते म्हणाले. मी म्हटलं, परतीची गाडी साडेचारला आहे, सलीमचे डोळे फिरायला लागलेत, समोर दुसरं हॉटेल दिसतंय. तेही चांगलं थोरलं होतं. दाराशी जिलबीची कढई, आत भिंतीला आरसेसुद्धा. पण ते वहीत नव्हतं. "बगितल्याबिगर न्हाई, बाई," ते पोरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले. "समद्या आरशांत तोच कप दिसंल पोरीला." त्यांच्या कपाळावर घाम डबडबला होता. मग म्हणाले, "तुमी लिंबाखाली थांबा. मी मागच्या बोळातनं गलास कुठं धुत्यात ते बघून येतो. पाच मिंटं." आणि ते गेले. पाचाची दहा झाली. माझं डोकं तापलं. मला भूक सोसत नाही आणि मुलांची तर त्याहून नाही. कुणीतरी एकदाचा निर्णय घ्यायला हवा, असं ठरवून मी पोरांना घेऊन सरळ आत शिरले. माझ्या त्या वेळच्या शहाणपणाची मला आजही लाज वाटते, कारण धोका माझा नव्हता.

गल्ल्यावर खांद्यावर पंचा टाकलेला जाडजूड मालक बसला होता. वाढपी पाण्याचे ग्लास घेऊन आला आणि टेबलावर ठेवायच्या आधी त्यानं सहज विचारलं, "कुठली मंडळी?" मी दौंड म्हणणार, तोच सुजाता उठली. गल्ल्यापाशी गेली. मुलं कढईकडे बघत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. ती हळू आवाजात, पण अगदी स्पष्ट म्हणाली, "मालक, मी बौद्धाची हाय. ही बाकीची न्हाईत, मी हाय. माझा गलास वेगळा ठेवायचा असंल तर आत्ताच सांगा. माझे आप्पा मागं गेल्यात, ते यायच्या आत आम्ही उठून जातो."

मालक तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, जणू उत्तर मी द्यायचं होतं. आणि मी, वर्गात साठ पोरांना गप्प करणारी मी, पर्समध्ये रुमाल शोधू लागले. शेवटी मालक वाढप्याला म्हणाला, "ठेव की पाणी. पोरं तान्हेली हायती." आणि सुजाताला म्हणाला, "बस, बाय. हितं तसलं काय न्हाई." ते तिथं आधीपासूनच नव्हतं, की त्यानं त्या घडीला ठरवलं, हे मला कधीच कळलं नाही.

सुजाता येऊन माझ्या शेजारी बसली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा तीच म्हणाली, "बाई, आप्पांना सांगू नका. मला दुसरीपासनं ठावं हाय. पर त्यांना वाटतंय मला ठावं न्हाई. कळलं तर ते लई रडतील."

एवढ्यात गार्डसाहेब मागच्या दारातून धापा टाकत आत आले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. "एकच टप हाय, समदे गलास एकाच टपात," असं मला सांगत आले आणि पोरांच्या हातात ग्लास पाहून जागच्या जागी थांबले. तीन ग्लास, तिन्ही सारखे. सुजातानं घटाघटा पाणी प्यायलं, ग्लास खाली ठेवला आणि आरशात बघून स्वतःला जीभ काढून दाखवली. मग तिघांनी जिलबी खाल्ली, मिसळ खाल्ली, सलीमनं दोन गोटी सोडे प्यायले आणि नाकातून फेस काढला. गार्डसाहेब एका बाजूला बसून नुसते बघत होते. मी पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते टोपी पुढे ओढून घेत होते.

पुढे तिघं मोठी झाली. सुजाता बारावीला जाईपर्यंत गार्डसाहेबांची तपासणी चालूच होती. ते साध्या कपड्यात निघाले की ती दारात उभी राहून, "आप्पा, टोपी राहिली," म्हणून हाक मारायची. ती मोठी साहेबीण झाली, पुण्यात घर घेतलं, आईवडलांना तिथंच घेऊन गेली. काही वर्षांनी मी भेटायला गेले, तेव्हा गार्डसाहेब खूप थकले होते. ऐकू कमी येत होतं, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. जुन्या गोष्टी निघाल्या, क्वार्टर्सच्या, फिटरच्या, शिरूरच्या. सुजाता शेजारीच बसून त्यांच्यासाठी संत्रं सोलत होती. मध्येच ते माझ्याकडे वाकून, आपल्या मते हळू आवाजात म्हणाले, "बाई, जलमात दुसरं काय जमलं न्हाई. पर त्या वयात पोरीला त्यातलं कवा काय कळू दिलं न्हाई बघा."

सुजाताचे हात थांबले. तिनं वर पाहिलं नाही.

"नाही, गार्डसाहेब," मी म्हणाले, "अजिबात नाही कळू दिलंत."