सर्वेवाला माझ्या खोलीत बसला

नगर निगमाच्या घरांच्या यादीत माझ्या धाकट्या जावेचं नाव आलं नाही, त्याला मी कारण आहे. गल्लीतले लोक निगमाला शिव्या देतात. मीही देते. पण सुरुवात माझ्यापासून झाली.

आम्ही दोघी विधवा. बुऱ्हाणपुरात एकाच घराचे दोन भाग करून राहतो. माझ्या भागात मुलाने विटांच्या भिंती उचलल्या, वर स्लॅब टाकली आणि तो सुरतेला कामाला गेला. तिचा भाग जुनाच, मातीच्या भिंती आणि वर पत्रे. पत्र्यांना भोकं पडली म्हणून तिने मागच्या निवडणुकीचं फ्लेक्स वर अंथरून त्यावर दगड ठेवले. उमेदवार वर हात जोडून आभाळाकडे बघत पडलेला असतो. तिला मूलबाळ नाही. लूमवाल्यांच्या सुताच्या कांड्या भरते, त्यावर तिचं चालतं. पक्क्या घराचा अर्ज तिने भरला तेव्हा पहिल्यांदाच मी तिला स्वतःसाठी काही मागताना पाहिलं.

अर्ज भरल्यावर सर्वेवाला येणार हे ठरलेलं. आला तो वैशाखात, भर दुपारी. जाऊ धावत माझ्याकडे आली.

"बाई, एवढा ऑफिसचा माणूस, त्याला बसवू कुठे? गोणपाटावर?"

"माझ्याकडे आण," मी म्हटलं. "पंखा आहे, खुर्ची आहे."

आमच्याकडे पाहुणा कोणाचाही असो, तो घरातल्या बऱ्या खोलीत बसतो. मुलगी बघायला येणार असतील तर लोक शेजारच्याची बैठक मागून घेतात. त्यात कोणाला खोटेपणा वाटत नाही. तसाच तो माझ्याकडे बसला. मी चहा केला, कप धुऊन बशीत दिला. त्याने तिचं आधार बघितलं, सरकारी कुटुंब-नोंदीची समग्र आयडी मोबाइलमध्ये टाकली, नवरा कधी गेला ते विचारलं.

"अम्मा, फोटो निकालना है. यहीं खड़ी हो जाओ."

ती त्याची रिकामी कपबशी हातात घेऊन माझ्या भिंतीपाशी उभी राहिली. मीच तिला म्हटलं, पदर नीट घे, सरळ बघ. मला वाटलं कार्डावर असतो तसा बाईचा फोटो हवा असेल. घराचा फोटो असतो हे मला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. तिचे पत्रे दाखवायला मी उठले होते, पण तो म्हणाला, "हो गया अम्मा, धूप बहुत है," आणि गाडीला किक मारून गेला.

यादी वार्डाच्या ऑफिसबाहेर चिकटवली. जावेला वाचता येत नाही, मी चौथी शिकलेली. बोट ठेवत ठेवत मी तिच्या नावापर्यंत आले.

"काय लिहिलंय?"

"अपात्र. पक्कं घर आहे म्हणून."

"कोणाचं?"

"तुझं."

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते.

आम्ही निगमात गेलो. बाबू वाईट नव्हता. त्याने कॉम्प्युटर आमच्याकडे फिरवला. माझी स्लॅब, माझा पंखा, मध्ये जाऊ, हातात माझी कपबशी. पदर अगदी नीट होता.

"माई, ये तो पक्का है. मैं क्या करूँ?"

मी सांगितलं, ही खोली माझी, हिची पलीकडे. त्याने विचारलं, मध्ये दार आहे का? आहे, म्हटलं. घराचा नंबर? एकच. मग तो म्हणाला, दार आहे म्हणजे घर एक, घर एक म्हणजे पक्कं. दार बंद करा, वेगळा नंबर घ्या, आपत्तीचा, म्हणजे हरकतीचा, अर्ज द्या, पुन्हा तपासणी होईल.

सासूच्या काळापासूनचं ते दार. आम्ही भांडलो तरी कडी लावली नव्हती. गवंड्याने एका सकाळीत विटा लावल्या. जाऊ पलीकडून म्हणाली, "बाई, मीठ राहिलं माझं तुमच्याकडे." शेवटची वीट लागायच्या आत मी मीठ दिलं. आता एकमेकींकडे जायचं तर गल्लीतून वळसा घालून जावं लागतं, आणि दोघींचे गुडघे गेलेले.

दुसऱ्या तपासणीला एक मॅडम आल्या. या वेळी जावेने त्यांना चहा विचारला नाही, बसा म्हटलं नाही. पत्र्याखाली उभं ठेवलं. मॅडमच्या मानेवरून घाम गळत होता. मी दारात उभी होते. मॅडमनी चारी बाजूंनी फोटो घेतले, फ्लेक्सचाही घेतला, आणि म्हणाल्या, "आप तो पात्र हैं." जाऊ त्यांच्या पाया पडायला निघाली, त्यांनी धरलं.

ती यादी मात्र तोवर वर गेली होती. नाव पुढच्या यादीत येईल, असं बाबूने सांगितलं. पुढची कधी, ते त्याला माहीत नाही. पार्षदाला, म्हणजे आमच्या नगरसेवकाला, विचारलं तर तो म्हणतो, "काकी, तुमचं काम माझ्या डोक्यात आहे." त्याच्या डोक्यात सगळा वार्ड आहे.

मागच्या श्रावणात तिची मागची भिंत अर्धी खाली बसली. मी छत्री घेऊन गेले.

"चल, माझ्याकडे झोप."

"नाही बाई."

"अगं भिंत पडेल अंगावर."

"तुमच्याकडे झोपले आणि कोणी लिहून घेतलं तर? हिला राहायला पक्की खोली आहे म्हणतील."

"या पावसात कोण येतंय लिहायला?"

"तेव्हा तरी फोटोत तुमची भिंत येईल वाटलं होतं?"

मी चिडले. मूर्ख म्हटलं, मरशील म्हटलं. ती कांड्या भिजू नयेत म्हणून त्या खाटेवर ठेवून स्वतः कोपऱ्यात बसली.

पडलेल्या भिंतीला तिने ताडपत्री बांधली आहे. माती लिंपू देत नाही. पुन्हा कोणी तपासायला आलं तर त्याला दिसलं पाहिजे म्हणते. पाऊस असला की मी गल्लीतून वळसा घालून तिला भाकरी देऊन येते. ती उंबऱ्यावरच घेते. माझ्याकडे झोपायला ये, असं आता मी म्हणत नाही. ती चुकते आहे, असं मला छातीठोक सांगता येत नाही.