जोर पहिल्यावर

माणसाला थकवायचे जगात जितके म्हणून मार्ग आहेत, त्या सगळ्यांना आमचे थोरले साडू एकटे पुरून उरतात. आर्वीच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाले, आमच्याच घरी राहायला आले, पण त्यांचा तास काही सुटला नाही. जोडशब्द कानावर पडला की तो फोडल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. सकाळी टूथपेस्ट मागावी, तर "टूथ-पेस्ट! दोन तुकडे, जोर पहिल्यावर," म्हणत मांडीवर थापा, जोराच्या तुकड्याला जरा सणसणीत. प्रेशरकुकरचे चार तुकडे होईस्तोवर आमचा भात करपतो. माझ्या काकांना हार्टअटॅक आल्याचा फोन आला, तेव्हाही हे गृहस्थ डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "अरे देवा! तीन तुकडे." आता काय बोलावं!

म्हणून आमच्या मुलीला पाहायला आष्टीचे पाहुणे येणार होते, तेव्हा मी त्यांना हात जोडले. आधीची स्थळं पोहे खाऊन गेली ती गेलीच. आम्ही सगळे दमलो होतो, पोरगी तर फारच. "दादा, आज इंग्रजी नको."

"नाई बोलत न बाप्पा!"

मुलगा चांगला होता, पण मान खाली घालून बसलेला. कुठं काम करतो विचारलं, तर "वे... वे..." करून अडकला. त्याच्या आईनं घाईनं सांगितलं, "वेअरहाऊसमध्ये आहे जी." पुढचंही सगळं तीच सांगायला लागली. साडूंचा हात मांडीवर गेलाच. मी डोळे मिटले.

"थांबा बाई, त्याले बोलू द्या. वेअर-हाऊस. मार थाप, बेटा."

मुलानं थाप मारली. "वेअर-हाऊस." मग घाम पुसत, थापेथापेनं तो बोलतच गेला, "मी अड-खळ-तो. घरचे लप-वून राह्यले. तुमच्या पोरीले मा-हीत पाह्यजे."

गेलं हेही स्थळ, मी मनात म्हटलं. तेवढ्यात मुलगी दारातून म्हणाली, "मले चालते. पण यांच्या तोंडचं उत्तर घरात दुसऱ्या कोणी द्यायचं नाई."

लग्न झालं. आता जावई आले की अंगणात साडूंपाशी बसतात. शब्द अडतो, तेव्हा अख्ख्या गावाचं बोलणं तोडणारा हा माणूस मुकाट थांबून राहतो. मला नाही जमत तेवढं. जीव कासावीस होतो, मी उठून आत जातो. आत मुलगी चहा गाळता गाळता थांबलेली असते, बाहेरचा शब्द पुरा व्हायची वाट पाहत.