आमच्याकडे कुणी आलेलं नाही

"हात पुढे कर. चप्पल काढ." वॉचमनने बाटलीतलं फिनाईलचं पाणी माझ्या हातापायांवर मारलं. मग मान खाली घालून पुटपुटला, "सोसायटी का ऑर्डर है, दीदी." वर चौथ्या मजल्याच्या गॅलरीत वहिनी उभ्या होत्या. त्यांच्याकडे मी धुणंभांडी करायचे. तिथूनच म्हणाल्या, "साडीवर पण मार रे. कुठून कुठून येतात या."

स्वाइन फ्लूचं ते साल. जेसल पार्कातल्या त्या बिल्डिंगमध्ये आम्हा कामवाल्यांना लिफ्ट बंद झाली होती. रोग आमच्या अंगावरूनच येणार, हे सोसायटीवाल्यांनी मीटिंग घेऊन ठरवलं. टीव्हीवाले रोज सांगत होते की तो विमानातून येतोय. पण विमानातून उतरणाऱ्यावर फिनाईल मारायची हिंमत कोणाची?

त्याच आठवड्यात वहिनींचा मुलगा अमेरिकेहून आला. टॅक्सी थेट लिफ्टपाशी. तो खोकत होता, अंग तापलेलं. एअरपोर्टवर ताप मोजतात, म्हणून विमानातच गोळी घेऊन उतरला होता. हे मला वहिनींनीच सांगितलं, पोराची हुशारी म्हणून, हसत हसत. मग म्हणाल्या, "खाली कुणाला बोलू नकोस हं."

घरात सगळ्यांच्या गळ्यात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या. शिवल्या मी, पण मला एकही मिळाली नाही. त्याला वाफ मी द्यायची, त्याचे रुमाल मी धुवायचे. नवरा गेल्यापासून माझी चूल त्याच घरावर पेटत होती. नाही म्हणता आलं नाही.

मग माझी सुमी तापली. पहिलीत होती. ताप उतरेना, धाप लागायला लागली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "परदेशातून आलेल्या कुणाशी संबंध आलाय का?" तसं असेल तरच घशाचा नमुना घ्यायचे, तरच त्या रोगाच्या गोळ्या द्यायचे. तेव्हा नियमच तसा होता. मी सगळं सांगितलं. डॉक्टरने माझ्यासमोर वहिनींना फोन लावला. त्यांचा आवाज मोठा. मला सगळं ऐकू आलं.

"आमच्याकडे कुणी आलेलं नाही. सुट्टीसाठी नाटकं करते ती."

डॉक्टरने खोकल्याचं औषध लिहून दिलं. फ्लॅटवाल्या बाईचा शब्द खरा, माझा खोटा. मी काय करणार होते? पोरीला उचललं आणि घरी आणलं.

संध्याकाळी तिला माझ्या आईपाशी ठेवून मी चार मजले चढले. जाळीच्या दरवाजाबाहेर हात जोडून उभी राहिले.

"वयनी, डाक्टरला येकदा खरा सांगा. पोरीला दम घेता येत न्हाय."

"आणि आम्हाला वाळीत टाकलं म्हणजे? त्याचं परतीचं तिकीट आहे." वहिनींनी जाळीतून एक नोट पुढे केली. "फळं घे तिला."

माझे जोडलेले हात सुटले. नोट मी घेतली नाही. खाली आले आणि कंपाउंडात उभी राहून ओरडले, "चवथ्या माल्यावर अमेरिकेचा ताप हाय. लपवून ठेवलाय." गॅलऱ्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी महापालिकेची गाडी आली. वहिनींचा मुलगा गोळ्या घेऊन बरा झाला, परत गेला. सुमीचाही नमुना घेतला, गोळ्याही सुरू केल्या. उशीर झाला होता. माझी सुमी गेली. रिपोर्ट तिच्यानंतर आला, तोच रोग निघाला.

बिल्डिंगमध्ये बोलणं झालं की रोग कामवाल्या बाईनेच आणला. काही महिन्यांनी वहिनींनी निरोप धाडला, माफी मागितलीस तर कामावर ये. मी गेले नाही. उपाशी राहिले, पण गेले नाही.

आता हाटकेशला कामं करते. नव्या घरात पाय ठेवण्याआधी मीच विचारते, घरात कोण आजारी आहे? बायकांना राग येतो. येऊ दे. आजारी माणसाचं मी करीन, त्याला ना नाही. पण लपवलंत, तर त्याच मिनिटाला खाली उभी राहून सगळ्यांना सांगेन. हात जोडायला वर येणार नाही.