कांदेवाल्याचं नाक

आमच्या सीवूड्सच्या बी विंगमध्ये मागच्या वर्षी गणपतीनंतर जो वास सुटला, तसा वास मी जन्मात घेतला नाही. म्हणजे खरोखरच घेतला नाही, आणि तीच सगळी भानगड आहे. पण ते पुढे येईल.

बाकीच्यांनी मात्र तो पोटभर घेतला. सहाव्या मजल्यावरच्या बाईंचा मनीप्लँट म्हणे दोरी सोडून खाली उतरला. डक्टमधली कबुतरं, जी कुणाच्या बापाला भीत नाहीत, ती बिऱ्हाड हलवून सी विंगला गेली. लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या वर चढायला कुरकुरायला लागली. यातलं कबुतरांचं मी डोळ्यांनी पाहिलंय, मनीप्लँटचं ऐकीव आहे, आणि लिफ्ट तशीही कुरकुरतेच.

वास आला की माणसाला आधी त्याचा धनी लागतो. वास कुठून येतो हे शोधायला वाकावं लागतं, गटाराची झाकणं उचलावी लागतात. धनी शोधायला नुसतं बोट उचललं की झालं. आमच्या विंगने बोट उचललं ते मावशीवर.

मावशी म्हणजे आमची मासेवाली. खाडीकाठच्या गावातली. बुधवार, शुक्रवार, रविवार अशी तीन दिवस यायची. बर्फाचा डबा जिन्याखाली ठेवायची आणि पाटी घेऊन मजल्या-मजल्यावर फिरायची. ती जिन्याखालची दोन बाय चारची जागा हेच तिचं दुकान. वीस वर्षं. जिथे आमचा पार्किंगचा तिसरा खांब आहे, तिथे तिच्या सासऱ्याच्या भातशेतीची विहीर होती, असं ती सांगायची. "तुमच्या गारीखाली आमचा पानी हाय, भाऊ," म्हणायची आणि मला बांगडा तोलून द्यायची. जमीन गेली ती गेली, आता जिन्याखालची जागा तरी राहू दे, इतकंच तिचं मागणं.

तर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग बसली. विषय एकच: मावशीला गेटच्या आत घ्यायचं की नाही.

आता मी कोण, ते सांगतो. वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर मी चौतीस वर्षं माल पारखला. वडील साताऱ्याहून येऊन तिथेच गोण्या वाहायचे. त्यांच्या पाठीवर गोणी होती, ती माझ्या नाकावर आली. माझं काम एवढंच: ट्रक आला की दोन-चार गोण्या फोडायच्या, कांदा हातात घ्यायचा, दाबायचा, वास घ्यायचा आणि सगळ्या ट्रकाचा निकाल द्यायचा. चार गोण्यांवरून तीनशे गोण्यांबद्दल बोलायचं. त्यात एकच अक्कल लागते, ती म्हणजे कुठली चार फोडायची. पाठवणारा शहाणा असतो. ट्रकाच्या तोंडाशी सोन्यासारखा माल आणि पोटात सडका. नवशिका तोंडाशी फोडतो आणि फसतो. मी थप्पीच्या पोटात हात घालायचो. माझा निकाल चुकला असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. एक-दोन जन्मले होते, पण ते धंदा सोडून गेले.

त्यामुळे त्या मीटिंगमध्ये लोकांची डोकी चालताना बघून मला जी शिसारी आली, ती सांगून कळायची नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "मी स्वतः मागच्या रविवारी जिन्यातून आलो. मावशी होती आणि वास होता. अजून काय पुरावा पाहिजे?"

म्हणजे तोंडाची एक गोणी फोडली आणि ट्रक परत पाठवला.

सहाव्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "माझ्या भावाच्या बिल्डिंगमध्ये कळंबोलीला सेम प्रॉब्लेम होता. तिकडे मासेवाली बंद केली, वास बंद झाला. आपलं पण तसंच होणार ना!"

"तुमच्या भावाच्या बिल्डिंगला डक्ट आहे का?" मी विचारलं.

"डक्टचा काय संबंध? ती पण बिल्डिंग, ही पण बिल्डिंग."

एका गावचे दोन ट्रक आले, एकाचा माल ओला निघाला, म्हणून दुसऱ्याचाही ओला? अहो, एकाने पावसात भरला असेल, दुसऱ्याने उन्हात! सारखेपणा दाखवायचा तर कामाच्या गोष्टीत दाखवा. दोघांना चाकं आहेत यात काय मोठंसं?

मग पाचव्या मजल्यावरचे डॉक्टर उठले. डॉक्टर उठले की आमच्याकडे खुर्च्यासुद्धा गप्प बसतात. "हा माशाच्या प्रोटीनचा वास आहे," ते म्हणाले. "आणि तो आरोग्याला वाईट."

सगळ्यांनी माना हलवल्या. डॉक्टर दातांचे आहेत. दाढ दुखली तर मी त्यांच्यापुढे डोळे मिटून तोंड उघडेन, पण जिन्याच्या वासात त्यांचा शब्द मी वॉचमनच्या शब्दापेक्षा जड का धरू? मोठ्या पेढीचा शिक्का गोणीवर असतो, कांद्यावर नसतो.

आणि सगळ्यांत घाण बोलणं सेक्रेटरींचंच. मी विचारलं, "मावशी येत नाही त्या मंगळवारी, गुरुवारी वास येतो की नाही?"

"येतो की."

"मग?"

"बुधवारचा राहिलेला असतो तो."

म्हणजे ती आली तर तिचा, नाही आली तर तिचा राहिलेला! असा तराजू कुणी गाळ्यावर लावला असता तर माथाड्यांनी त्याला तराजूसकट उचलून बाहेर ठेवला असता. मला खरंच मळमळलं. वासाने नाही, या हुशारीने. मी उठलो आणि जे बोलायचं ते सगळं बोललो. तोंडाची गोणी, पोटाची गोणी, ट्रक, चाकं, सगळं.

सेक्रेटरी हसले. "काका, तुमी एवढे एक्सपर्ट, तर तुमीच तपासा. एक आठवडा. रोज, सगळे मजले. तुमी बोलाल ते फायनल. वास तिचा नाय निघाला तर ती राहील, निघाला तर गेट बंद."

"चालेल," मी म्हणालो. मावशी गेटपाशी पाटी टेकवून ऐकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर मी लढाई जिंकल्यासारखा लिफ्टकडे निघालो होतो.

त्या आठवड्यात मी जे काम केलं, तसं काम गाळ्यावरसुद्धा केलं नव्हतं. वही आखली. सात मजले, सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. प्रत्येक दाराशी उभं राहून कुत्र्यासारखं हुंगलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात त्यावरून भांडण झालं, कारण मी दाराशी वाकलो आणि दार उघडलं. मावशी असतानाची नोंद, नसतानाची नोंद, जिन्याखाली, गच्चीवर, डक्टच्या खिडकीपाशी. तोंडाची गोणी, पोटाची गोणी, तळाची गोणी, सगळ्या फोडल्या.

आणि निकाल काय निघाला? बुधवार, शुक्रवार, रविवार: मासळीचा वास. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार: काही नाही. सातही मजल्यांवर काही म्हणजे काही नाही.

मी वही तीनदा तपासली. शेजारीपाजारी नाकाला रुमाल लावून फिरत होते, पण मी म्हटलं, हे मनाचे खेळ आहेत, एकदा ठरवलं की वास येतोय की मग येतोच. लोकांच्या नाकावर विश्वास ठेवायचा की चौतीस वर्षांच्या नाकावर?

पुढच्या रविवारी मी वही वाचली. इमानदारीने. मावशीची बाजू घेऊन उभा राहिलेला माणूस तिच्या विरुद्ध वाचतोय म्हटल्यावर कुणाला काय शंका उरणार? डॉक्टरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. सोमवारपासून गेट बंद. वॉचमनने मावशीचा बर्फाचा डबा जिन्याखालून काढून फुटपाथवर ठेवला. तिने डबा डोक्यावर घेतला आणि गेली.

वास गेला नाही. सेक्रेटरी म्हणाले, भिंतीत मुरलाय. महिनाभरात जाईल.

पंधरा दिवसांनी आमची मंडळी साताऱ्याहून परत आली. मुलीच्या बाळंतपणाला गेली होती, दोन महिने. मी बॅग घ्यायला खाली गेलो. तिने लिफ्टच्या दारातच पदर नाकाला लावला.

"आवो, ह्यो कसला वास?"

"मासळीचा. मुरलाय."

"मासळी?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी दुसऱ्याच कुणाचा नवरा आहे. लिफ्ट चौथ्या मजल्यावर आली तसा पदर घट्ट झाला. घरात शिरली, चप्पल काढली नाही, बॅग ठेवली नाही, सरळ मागच्या बाल्कनीत गेली. डक्टला लागून असलेली ती बाल्कनी. तिथे मे महिन्यात मी दोन गोण्या उन्हाळी कांदा भरून ठेवला होता. दरवर्षी ठेवतो. माल माझ्या निवडीचा, एक नंबर.

"आवो!" तिची आरोळी बेलापूरपर्यंत गेली असेल. "कांदं कुनी निवडलं?"

कुणीच नाही. पंचवीस वर्षं दर आठ दिवसांनी ती जमिनीवर बसून कांदे खालीवर करायची, मऊ पडलेला बाजूला काढायची. मी पेपर वाचत बघायचो. माझी समजूत होती की कांदा टिकतो तो माझ्या निवडीमुळे. पंचवीस वर्षांत एकदा सडला नाही, म्हणून पुढेही सडणार नाही! वर्षं मोजली मी. तिचे हात नाही मोजले.

तिने गोणी ओढली आणि गोणीचा तळ जागेवरच राहिला. वरचा थर टणटणीत. पोटात काळा चिखल, त्यात पांढऱ्या अळ्या, आणि तो चिखल जाळीतून गळून डक्टच्या पाइपावरून खाली तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या मजल्यापर्यंत ओघळलेला. मी जवळ जाऊन वाकलो. पण वास? शपथेवर सांगतो, मला साधा कांदाच वाटला. चौतीस वर्षं सडक्या कांद्यात उभं राहिलेलं नाक त्याला वास म्हणून धरतच नव्हतं. मासळी तेवढी कळत होती. मी सात मजले हुंगले, वही आखली, दिवस वाटून घेतले, सगळं बरोबर केलं. तराजूच खोटा होता.

मला माझ्या त्या वहीची जेवढी किळस आली, तेवढी त्या अळ्यांची आली नाही.

संध्याकाळी मी सेक्रेटरींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दार अर्धंच उघडलं होतं, ते आणखी थोडं ओढून घेतलं. बंदी उठवली, पण सहाव्या मजल्यावरच्या बाई जिन्यात मोठ्याने म्हणाल्या, "मार्केटवाल्यांना फ्लॅट देतानाच विचार करायला पाहिजे होता. हे लोक असेच असतात." एक मी, आणि लगेच सगळं मार्केट. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आठवलं की मी गेले तीन आठवडे उत्तरं देतच होतो.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला शोधत तिच्या गावात गेलो. देवळाच्या वळणावर पाटी घेऊन बसली होती, गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कांदा, गोण्या, नाक.

"मना पैल्या दिवसापासून ठावं व्हता," ती म्हणाली. "चौथ्या माल्यावं तुमचा कांदा कुजलाय."

"मग बोलल्या का नाही?"

"बोलले ना! सेकेटरीला बोलले. तो बोल्ला, कांद्याचा मानूस सोता तपासतंय, तुला जास्त कलतंय का?" तिने बांगड्यावरच्या माशा हाकलल्या. "जल्ला, आयुष्य वास घेन्यात गेला माजा. मना कोनी इचारला?"

मी म्हटलं, "बंदी उठली, मावशी. परत या. जिन्याखालची जागा तुमचीच."

"नाय येनार."

"का? एकदा चुकलं आमचं. एकावरून कायमचं ठरवू नका." सवयीने बोलून गेलो. एका गोणीवरून ट्रक परत पाठवू नये, हे सांगायला मी तिच्यापुढे उभा होतो.

ती हसली. दात चांगले होते, डॉक्टरांना काही मिळालं नसतं. "एक? शेत गेला, तवा बोल्ले जागा देव. मिठागर गेला, तवा बोल्ले नोकरी देव. खाडीवं जायाचा रस्ता गेला, तवा बोल्ले दुसरा देव. आता जिना. किती मोजू, भाऊ?"

चार. तोंडाची, पोटाची, तळाची, आणि माझ्या हाताने फोडलेली चौथी. गाळ्यावर असतो तर मीही ट्रक परत पाठवला असता.

"बांगडं देव का?" तिने विचारलं. "ताजं हाईत. बगा वास घेऊन."

मी सहा बांगडे घेतले. वास न घेता पिशवीत टाकले आणि सीवूड्सपर्यंत चालत आलो. आता बुधवार, शुक्रवार, रविवार, मीच मावशीकडे जातो. आणि दर आठ दिवसांनी बाल्कनीत खाली बसतो, कांदा एकेक हातात घेतो, आणि आत बायकोला हाक मारतो, "अगं, हा बघ गं जरा." ती येते, हुंगते आणि सांगते.