गादीवाल्या चाचांसमोर बोललेलं खोटं

स्वतः निजून बघितल्याशिवाय गादी गिऱ्हाईकाच्या हाती देणार नाही, असा आमच्या गल्लीतल्या गादीवाल्या चाचांसारखा दुसरा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. एकदा लग्नाची गादी न्यायला मंडळी आली, तर तिच्यावर चाचाच घोरत होते. नवरीचे मामा भडकले. चाचा डोळे चोळत म्हणाले, "पावणं, डाव्या अंगाला कापूस गोळा झालाय. पोरीला टोचला असता की!" आणि तिथंच गादी उसवायला घेतली. उशा ते गालांनी तपासत. म्हशीची पेंडसुद्धा आधी स्वतः चाखत; "कडू हाय" म्हणून दुकानदाराला परत केलेली मी पाहिलीय.

अशा माणसाकडे मी वीस आसनं शिवायला टाकली. कळंब्याला मी ध्यानवर्ग काढणार होते. ऑनलाइन शिकून मिळवलेलं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलं होतं. फक्त स्वतः ध्यानाला कधी बसले नव्हते. वाचूनच तर सांगायचं असतं, त्यात काय!

पहिलं आसन होताच चाचा त्यावर मांडी घालून बसले. "नुसतं बसून कळायचं न्हाय. तुमचं ध्यान सांगा." मी मोबाईलवरून वाचू लागले. श्वास झाला, खांदे झाले. "आता आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणा," म्हटलं, आणि सत्तरीच्या त्या माणसाच्या दाढीत पाणी उतरलं. मी घाबरले. पुढची ओळ घाईनं वाचून टाकली, "आता हलकंसं हसा."

चाचांनी डोळे उघडले. "जरा थांबायचं की वो, म्याडम. आत्ता कुठं आली हुती." मग भाबडेपणानं विचारलं, "तुमालाबी रोज असंच हुतंय व्हय?"

"होतं की," मी म्हणाले.

"मग लई मोठ्या हाय तुमी."

दोन दिवसांत गल्लीभर झालं. दूधवाला वाकून नमस्कार करू लागला, तशी मी मागच्या बोळातून जाऊ लागले.

आसनं न्यायला गेले तेव्हा उंबऱ्यातच सांगून टाकलं, "चाचा, मी खोटं बोलले. एकदाही बसलेली नाही." त्यांची सुई थांबली. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी एक आसन माझ्यासमोर टाकलं. "बसा. मी वाचतो."

माझा मोबाईल घेऊन, चष्मा लावून, अक्षराला अक्षर जुळवत ते वाचू लागले. एकेका शब्दाला इतका वेळ लागे, की मला पळायला वाटच राहिली नाही. आईपाशी पोहोचलो. माझी आई आली, ओट्यापाशी पाठमोरी उभी. आणि आता काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं. चाचांनी पुढची ओळ वाचली नाही.

वर्ग अजून सुरू केलेला नाही. रोज सकाळी बसते. कधी आई येते. बहुतेकदा येत नाही.